दवाखाना किती लांब

महाराष्ट्रात कर्जत दोन. एक रायगड जिल्ह्यातले, जिथे मुंबईची लोकल जाऊन थांबते. दुसरे अहिल्यानगर जिल्ह्यातले, जिथे गोदड महाराजांचा रथ निघतो आणि जिथे रेल्वे येत नाही. नुसते ‘कर्जत’ म्हटले की शहरातल्या माणसाला पहिलेच आठवते, त्यामुळे दुसऱ्या कर्जतकराला दर वेळी ‘नगरचे’ अशी पुस्ती जोडावी लागते. (जिल्ह्याचे नाव 2024 मध्ये बदलले, जिभेवरचे बदलायला वेळ लागेल.) सज्ञान झाल्यावर स्वतःच्या लिंगभावाप्रमाणे जगायला सुरुवात करू पाहणाऱ्या माणसाच्या बाबतीत मात्र हा फरक नुसत्या भूगोलाचा राहत नाही. रायगडच्या कर्जतहून मुंबईच्या मोठ्या सरकारी रुग्णालयात जाऊन संध्याकाळी घरी परतता येते. नगरच्या कर्जतहून मिरजगावमार्गे जिल्ह्याचे ठिकाण साधारण पंचाहत्तर किलोमीटर आणि राशीन-भिगवणमार्गे पुणे त्याच्या जवळपास दुप्पट. एका भेटीपायी आख्ख्या दिवसाचा रोजगार बुडतो, आणि रात्री उंबरठ्यावर ‘कुठं गेला होतास?’ या प्रश्नाला काहीतरी उत्तर द्यावे लागते. महिन्यातून एकदा खोटे सांगता येते. दोन वर्षे, दर काही आठवड्यांनी, तेच खोटे टिकत नाही.

पुढील पानांत संप्रेरके, शस्त्रक्रिया, समुपदेशन आणि कागदपत्रे यांची माहिती ओळीने येईल. त्याआधी एक मुद्दा इथेच मांडून ठेवतो. प्रौढ वयातल्या अशा स्थित्यंतराला लागणाऱ्या वैद्यकीय मदतीचा मोठा भाग साधा असतो, वर्षानुवर्षे चालणारा असतो आणि तालुक्याच्या गावात मिळण्याजोगा असतो. तो तिथे मिळत नाही म्हणून माणसे चोरून औषधे घेतात किंवा गाव सोडतात. मग जे धोके एकटेपणाने आणि अंतराने निर्माण केलेले असतात, तेही सरसकट उपचाराच्या माथी मारले जातात. ‘स्थित्यंतर’ हा शब्द मुद्दाम घेतला आहे. ‘लिंगबदल’ म्हटले की ऐकणाऱ्याच्या डोळ्यापुढे फक्त शस्त्रक्रियेचे टेबल येते. ‘संक्रमण’ म्हणावे, तर करोनाच्या वर्षांत वर्तमानपत्रांनी तो शब्द साथीला बहाल करून टाकला. ‘तृतीयपंथी’ हा शब्द सरकारी कागदात रुळला असला, तरी मुलगी म्हणून वाढवल्या गेलेल्या आणि पुरुष म्हणून जगणाऱ्या माणसाला तो आपला वाटत नाही. म्हणून व्यक्तीसाठी ‘पारलिंगी’ आणि वाटचालीसाठी ‘स्थित्यंतर’.

‘हे शहरातले खूळ आहे, आपल्या भागात असले काही नव्हते’ हा आक्षेप सर्वांत आधी येतो, आणि त्याला उत्तर द्यायला फार लांब जावे लागत नाही. शेजारच्या सोलापूर जिल्ह्यात, माळशिरस तालुक्यातल्या तरंगफळ गावाने 2017 मध्ये ज्ञानेश्वर कांबळे या तृतीयपंथी व्यक्तीला थेट सरपंचपदी निवडून दिले. जळगाव जिल्ह्यातल्या भादली बुद्रुकच्या अंजली पाटील यांचा ग्रामपंचायतीसाठीचा अर्ज महिला गटातून भरला म्हणून बाद झाला होता. जानेवारी 2021 मध्ये औरंगाबाद खंडपीठाने तो ग्राह्य धरला आणि त्या निवडून आल्या. कवयित्री दिशा पिंकी शेख तर नगर जिल्ह्यातल्याच श्रीरामपूरच्या. 2011 च्या जनगणनेत महाराष्ट्रात ‘इतर’ या रकान्यात 40,891 माणसे नोंदली गेली, आणि घरच्यांसमोर, बहुधा घरातल्या कर्त्याच्या तोंडून, भरल्या जाणाऱ्या तक्त्यात किती जणांनी तो रकाना निवडला असेल याचा अंदाज ज्याने त्याने करावा. माणसे खेड्यांत होतीच. त्यांच्यासाठीची सोय तेवढी खेड्यात नव्हती.

सोय अजिबातच नव्हती असेही नाही. तृतीयपंथीयांची गुरू-चेल्यांची जमात ही सोयच होती. घरातून हाकलल्या गेलेल्या मुलाला तिथे छप्पर मिळे, नाव मिळे, कमाईचा मार्ग मिळे. ‘निर्वाण’ म्हणून ओळखला जाणारा अंगच्छेद दाईच्या हातून, भूल न देता होई. त्यात रक्तस्रावाने किंवा जंतुसंसर्गाने जीव जाण्याचा धोका उघड होता. पण त्यानंतरचे चाळीस दिवस त्या माणसाला बाळंतिणीसारखे जपले जाई: वेगळी खोली, वेगळा आहार, सोबत, आणि शेवटी समारंभ. ‘आपल्या परंपरेत या लोकांना मान होता’ असे अभिमानाने सांगणारे एक गोष्ट विसरतात, की हा मान घराबाहेर पडण्याच्या अटीवर मिळत असे. ती परंपरा नुसती रानटी होती असे म्हणणारे दुसरी गोष्ट विसरतात: शस्त्रक्रियेनंतर माणसाला चाळीस दिवस कोणीतरी लागते, हे जमातीला पक्के ठाऊक होते. तिथे आधार होता, औषध नव्हते. आज पुण्या-मुंबईच्या खासगी रुग्णालयात औषध आहे, भूल आहे, कुशल हात आहेत. आणि तिसऱ्या दिवशी डिस्चार्ज घेतलेला माणूस लॉजच्या खोलीत एकटा पडून असतो, कारण गावी सांगितलेले नसते. शिवाय जमातीची ही सोयही एकाच बाजूची होती. स्त्री म्हणून जन्मनोंद झालेल्या आणि पुरुष म्हणून जगू पाहणाऱ्यांना अशी जमात कधी मिळालीच नाही. त्यांच्या वाट्याला लग्न आले, नाहीतर पुण्यातली एखादी कॉटबेसिस खोली.

कर्जतच्या शेजारच्या बीड जिल्ह्यातून 2017-18 मध्ये साऱ्या महाराष्ट्रापुढे आलेली ललित साळवे यांची हकिगत या दृष्टीने पुन्हा वाचण्यासारखी आहे. माजलगाव तालुक्यातले साळवे 2010 मध्ये महिला शिपाई म्हणून पोलीस दलात भरती झाले होते. मुंबईच्या सरकारी रुग्णालयातील तपासण्यांत त्यांच्या शरीरात वाय गुणसूत्र असल्याचे दिसले, आणि डॉक्टरांनी शस्त्रक्रियेचा सल्ला दिला. 2017 मध्ये त्यांनी त्यासाठी रजा मागितली, तेव्हा अडचण वैद्यकशास्त्राची आली नाही, भरतीच्या नियमांची आली. पुरुष आणि महिला शिपायांच्या उंचीचे निकष वेगळे. मग महिला म्हणून भरती झालेल्या माणसाला पुरुष म्हणून नोकरीत कसे ठेवायचे? खाते नाही म्हणाले. उच्च न्यायालयाने हा सेवेचा प्रश्न असल्याने प्रशासकीय न्यायाधिकरणाकडे जायला सांगितले. प्रकरण मुख्यमंत्र्यांपर्यंत गेले, मे 2018 मध्ये गृह खात्याची परवानगी आली, आणि त्याच महिन्यात सेंट जॉर्ज रुग्णालयात पहिली शस्त्रक्रिया झाली. साळवे पुरुष शिपाई म्हणून कामावर परतले, 2020 मध्ये त्यांचे लग्न झाले. वर्तमानपत्रांनी याला ‘लिंगबदल’ म्हटले, पण उपचार करणाऱ्या डॉक्टरांनी ही जन्मजात शारीरिक वेगळेपणाची दुरुस्ती असल्याचे सांगितले होते, आणि ते बरोबर होते. म्हणून कोणी म्हणेल, की हे उदाहरण इथे लागू नाही. साळवे यांच्याकडे गुणसूत्राचा पुरावा होता, बाकीच्यांकडे नुसते ‘मला वाटते’. आक्षेप खरा आहे आणि त्यातच उत्तरही आहे. हातात प्रयोगशाळेचा अहवाल, सरकारी डॉक्टरांचा सल्ला आणि पक्की नोकरी असलेल्या माणसालाही न्यायालयापर्यंत जावे लागले. ज्याच्याकडे यातले काहीच नाही, तो तालुक्याच्या दवाखान्याची पायरीही का चढत नाही, याचे कारण मग वेगळे शोधावे लागत नाही.

आता वैद्यकशास्त्राकडे. जागतिक आरोग्य संघटनेने 2019 मध्ये स्वीकारलेल्या आणि 1 जानेवारी 2022 पासून लागू झालेल्या आजारांच्या अकराव्या वर्गीकरणात पारलिंगी असण्याची बाब मानसिक विकारांच्या प्रकरणातून काढून लैंगिक आरोग्याच्या प्रकरणात हलवली गेली. तिला तिथे ठेवण्याचे कारण इतकेच, की उपचार हवे असतील तर ते मिळावेत. प्रौढांच्या उपचारात पहिली पायरी असते बोलण्याची: ही जाणीव किती काळची आहे, नैराश्य किंवा व्यसन सोबत आहे का, घरी कोणाला माहीत आहे, मूल हवे आहे का. दुसरी पायरी तपासणीची: वजन, रक्तदाब, रक्तातील पेशी, यकृताचे कार्य, साखर, चरबी. त्यानंतर संप्रेरके. स्त्रीत्वाकडे जाणाऱ्यांसाठी इस्ट्राडिओल आणि सोबत पुरुषी संप्रेरक दाबणारे औषध. पुरुषत्वाकडे जाणाऱ्यांसाठी टेस्टोस्टेरॉन. पहिल्या वर्षी साधारण दर तीन महिन्यांनी तपासणी, मग वर्षातून एक-दोनदा. बदल सावकाश येतात. टेस्टोस्टेरॉनने पाळी बहुधा सहा महिन्यांच्या आत थांबते आणि आवाज वर्षभरात खाली येतो, पण दाढी पुरती भरायला चार-पाच वर्षे लागू शकतात. इस्ट्राडिओलने स्तनांची वाढ तीन ते सहा महिन्यांत सुरू होऊन दोन-तीन वर्षे चालते, मात्र एकदा फुटलेला आवाज त्याने बारीक होत नाही. यातले काही परत फिरवता येते, काही नाही. टेस्टोस्टेरॉन थांबवले तर पाळी परत येऊ शकते. घोगरा झालेला आवाज पूर्ववत होत नाही. प्रजननक्षमतेवर परिणाम होतो, पण त्यावर विसंबता येत नाही: टेस्टोस्टेरॉन म्हणजे गर्भनिरोधक नव्हे. शस्त्रक्रिया ही यानंतरची आणि ऐच्छिक गोष्ट आहे. अनेकांना ती नको असते, अनेकांना परवडत नाही, आणि ती झाली नाही म्हणून माणूस अर्धवट राहत नाही. सर्वोच्च न्यायालयाने 15 एप्रिल 2014 च्या ‘नालसा’ निकालात लिंगओळख मान्य करण्यासाठी शस्त्रक्रियेचा आग्रह धरणे अनैतिक आणि बेकायदा ठरवले, ते याच समजुतीने.

हे सारे डॉक्टरच्या नजरेखाली होते तेव्हा धोके मोजता येतात. टेस्टोस्टेरॉनने रक्त घट्ट होऊ लागले तर ते साध्या रक्ततपासणीत दिसते आणि मात्रा कमी करता येते. नजरेआड काय होते ते पाहायचे तर गर्भनिरोधक गोळ्यांकडे पाहावे. ‘माला-डी’ प्रत्येक औषधाच्या दुकानात मिळते, तिचीच सरकारी बहीण ‘माला-एन’ आरोग्य उपकेंद्रात फुकट मिळते, आणि स्त्रीचे संप्रेरक हवे असलेली अनेक माणसे याच गोळ्या, दिवसाला एकाऐवजी पुष्कळ, डॉक्टरला न विचारता घेतात. त्यात इथिनाइल इस्ट्राडिओल असते. शिरांत रक्ताच्या गुठळ्या होण्याचा धोका त्याने इतका वाढतो, की या उपचारातून तज्ज्ञांनी ते केव्हाच बाद केले आहे. गोळीतला दुसरा घटक, लेव्होनॉर्जेस्ट्रेल, किंचित पुरुषी संप्रेरकाच्या बाजूला झुकणारा आहे. म्हणजे जीव धोक्यात घालून घेतलेली गोळी, जे हवे त्याच्या थोडी उलटच ओढते. दुसऱ्या बाजूला व्यायामशाळेतून चोरून मिळणारी टेस्टोस्टेरॉनची इंजेक्शने आहेतच. पायाला सूज घेऊन असा माणूस दवाखान्यात आला आणि त्याने गोळ्यांचे सांगितले नाही, तर डॉक्टर तरी काय करणार? मग ‘या नादाला लागला आणि गेला’ असे गावात बोलले जाते. नाद आणि दुकानातून उचललेली चुकीची गोळी यांत फरक करायला कोणी बसत नाही.

‘पण तालुक्याच्या डॉक्टरला यातले काय कळते?’ हा आक्षेप डॉक्टर स्वतःच घेतात, आणि त्यातली नम्रता कौतुकाची आहे. तरी औषधांची यादी पाहावी. इस्ट्राडिओल पाळी गेलेल्या बायकांना दिले जाते. पुरुषी संप्रेरक दाबणारे स्पायरोनोलॅक्टोन हृदयाच्या आणि रक्तदाबाच्या रुग्णांना रोज लिहून दिले जाते. टेस्टोस्टेरॉन त्याची कमतरता असलेल्या पुरुषांना वर्षानुवर्षे देतात. अनोळखी आहे तो रुग्ण. औषधे जुनीच आहेत. सुरुवातीचा निर्णय आणि मात्रा संप्रेरकतज्ज्ञाने ठरवावी, त्यासाठी एक-दोनदा पुण्याला किंवा नगरला जावे लागावे, हे समजण्यासारखे आहे. नंतरची रक्ततपासणी, इंजेक्शन आणि रक्तदाब कर्जतमध्ये का होऊ नये? तज्ज्ञाशी बोलायला ई-संजीवनीसारखी सरकारी दूरसल्ला सेवा आहे. असे ओझे तालुक्यावर उतरवल्याचा दाखलाही याच राज्यात आहे. एचआयव्हीवरील मोफत औषधोपचार 1 एप्रिल 2004 रोजी सुरू झाला तेव्हा तो देशातल्या मोजक्या मोठ्या रुग्णालयांत होता. हा आजार गोपनीय, बदनाम आणि तज्ज्ञांचाच समजला जाई. पुढे समुपदेशक ग्रामीण रुग्णालयांत आले, औषधे जोडकेंद्रांतून जवळच्या गावात मिळू लागली, आणि ज्यांना महिन्याला मुंबई गाठावी लागली असती ती माणसे जगली. पारलिंगी माणसाची नोंद ग्रामीण रुग्णालयात आज एखाद्या रजिस्टरात असलीच तर ती बहुधा याच एचआयव्हीच्या रजिस्टरात असते. जणू त्याला दुसरे काही होऊच शकत नाही. पण तिथे बसलेल्या समुपदेशकाला एक गोष्ट येते, जी बाकीच्या रुग्णालयाला शिकायची आहे: दार लावून घेऊन बोलणे.

उलट, वेगळे आणि खास केंद्र उभारले की प्रश्न सुटतो या समजुतीचे काय होते, तेही दिसले आहे. ‘मित्र क्लिनिक’ या नावाने हैदराबाद, कल्याण आणि पुणे इथे पारलिंगी व्यक्तींसाठी दवाखाने सुरू झाले होते. काम चांगले होते, पण पैसा अमेरिकेच्या सरकारी मदतीतून येई. 2025 च्या सुरुवातीला वॉशिंग्टनमध्ये ती मदत थांबवण्याचा निर्णय झाला आणि पुण्यातला दवाखाना बंद पडला. मुंबईच्या जी. टी. रुग्णालयात 2023 मध्ये 30 खाटांचा स्वतंत्र कक्ष सुरू झाला; दाखल होताना पुरुषांच्या वॉर्डात की बायकांच्या, ही विटंबना त्याने टळते. मात्र वॉर्ड दाखल होणाऱ्यांसाठी असतो. ज्याला दर तीन महिन्यांनी नळीभर रक्त तपासून हवे आहे, त्याला खाट नको असते. ज्या व्यवस्थेत थायरॉइडचा रुग्ण आपसूक सामावून जातो तीच त्याला हवी असते, आणि ती वॉशिंग्टनच्या लहरीवर अवलंबून नसते.

पश्चात्तापाचा आक्षेप सर्वांत गंभीर आहे आणि तो टाळून चालणार नाही. 2021 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका एकत्रित अभ्यासात 27 संशोधनांतल्या 7,928 शस्त्रक्रिया झालेल्या व्यक्तींची माहिती तपासली गेली. पश्चात्तापाचे प्रमाण सुमारे 1 टक्का निघाले. अॅमस्टरडॅमच्या केंद्राने 1972 ते 2015 या काळात आलेल्या 6,793 जणांच्या नोंदी पाहिल्या. जननग्रंथी काढलेल्यांत पश्चात्ताप नोंदवणारे 1 टक्क्याहूनही कमी होते, आणि त्यांतल्या काहींचे कारण शरीराचे नसून लोकांनी तोडले हे होते. हे आकडे डोळे मिटून घेऊ नयेत. बरेच रुग्ण पुढे केंद्राच्या नजरेबाहेर जातात, अभ्यासांची गुणवत्ता सारखी नाही, आणि युरोपातला आकडा जामखेड-कर्जतला तसाच लागू पडेल याची हमी नाही. तरी दिशा स्पष्ट आहे. दुसऱ्या बाजूला 2024 मध्ये इंग्लंडमध्ये डॉ. हिलरी कॅस यांचा अहवाल आला, तो भारतातही ‘आता परदेशातही हे बंद होत आहे’ अशा थाटात फिरवला गेला. तो अहवाल मुलांच्या आणि किशोरवयीनांच्या सेवेबद्दलचा आहे आणि त्या वयासाठीचा पुरावा दुबळा असल्याचे सांगतो. पंचविशीतल्या किंवा चाळिशीतल्या माणसाचा प्रश्न तो सोडवायला घेतच नाही. प्रौढांबाबत मेलबर्नमधला 2023 चा एक प्रयोग पाहण्यासारखा आहे. टेस्टोस्टेरॉन हवे असलेल्या 64 जणांपैकी चिठ्ठ्या टाकून काहींना ते लगेच दिले, बाकीच्यांना नेहमीप्रमाणे तीन महिने रांगेत ठेवले. लगेच मिळालेल्यांत नैराश्य आणि आत्महत्येचे विचार ठळकपणे कमी झाले. प्रयोग लहान आणि थोड्या काळाचा आहे. पण ‘थांबून पाहू’ हा सल्ला देताना आपण काहीच देत नाही असे जे धरले जाते, ते चूक आहे एवढे त्यातून नक्की कळते. थांबण्यालाही दुष्परिणाम असतात. फक्त त्याच्या पाकिटावर ते छापलेले नसतात. आणि पश्चात्ताप खरोखर टाळायचा असेल तर त्याची जागा सुरुवातीच्या निवांत संभाषणात आहे, जे लॉजवर मुक्काम करून आलेल्या माणसाशी पंधरा मिनिटांत होत नाही.

यापुढचा प्रश्न मला सर्वांत अवघड वाटतो. प्रौढ वयात, आपल्याकडच्या खेड्यात, म्हणजे बहुतेक वेळा लग्नानंतर. ‘एकदा दोनाचे चार हात केले की ठीक होईल’ हा आपल्याकडचा सर्वांत जुना आणि सर्वांत स्वस्त मानसोपचार आहे, आणि त्याची किंमत दुसऱ्याच कोणीतरी मोजते. तिशीतला नवरा स्वतःला स्त्री म्हणून ओळखतो असे कळल्यावर त्या बायकोने काय करायचे? तिची फसवणूक झाली असे तिला वाटले तर त्यात चूक काय? पारलिंगी व्यक्तींच्या हक्कांबद्दल बोलणारे कित्येकदा तिच्याबद्दल गप्प बसतात, ते बरे नाही. पण तिच्यावरचा अन्याय नेमका कुठे झाला ते पाहावे. तो संप्रेरकाच्या पहिल्या गोळीने झालेला नाही. विसाव्या वर्षी ज्याला बोलायला कोणी मिळाले नाही, त्याला बोहल्यावर उभे केले तेव्हा तो झाला. नवऱ्याला औषध नाकारून तिला संसार परत मिळत नाही. मिळते ती आणखी वीस वर्षांची कोंडी. म्हणून आधार देणाऱ्याने तिलाही स्वतंत्र वेळ द्यावा, वेगळे व्हायचे असेल तर पोटगीचा आणि मुलांचा विचार सरळ करावा, आणि सोबत राहायचे असेल तर तसे राहणारीही जोडपी असतात हे सांगावे. आई-वडिलांचे थोडे वेगळे आहे. त्यांना विश्वासात घेता आले तर फार मोठे बळ मिळते. मात्र सज्ञान माणसाच्या उपचाराला त्यांची संमती ही अट असू शकत नाही, आणि त्यांच्या आग्रहावरून कोणी मन ‘बदलून देणारा’ उपचार करत असेल, तर राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने 2022 मध्येच तो व्यावसायिक गैरवर्तनात धरला आहे.

कागदपत्रांबद्दल थोडक्यात. 2019 च्या कायद्याने आणि 2020 च्या नियमांनी जिल्हाधिकाऱ्यांकडून ओळखपत्राची तरतूद केली, राष्ट्रीय पोर्टलवरून घरबसल्या अर्जाची सोय झाली, आणि याच कायद्याच्या 15 व्या कलमाने संप्रेरकोपचार, शस्त्रक्रिया आणि आधीचे-नंतरचे समुपदेशन यांची जबाबदारी सरकारवर टाकली. 2022 मध्ये आयुष्मान भारत योजनेतून वर्षाला 5 लाख रुपयांपर्यंतच्या उपचाराचा केंद्रीय करार झाला. कायदे आणि नियम दुरुस्त होत असतात. अर्ज करायच्या दिवशी लागू असलेला नियम पाहूनच पाऊल टाकावे. शाळा सोडल्याचा दाखला, आधार, रेशनकार्ड आणि सातबारा यांवर एकाच माणसाची चार नावे झाली, की पीककर्जापासून वारसनोंदीपर्यंत सगळे अडते. म्हणून राजपत्रातील नावबदल आधी आणि बाकीचे त्यामागून, हा क्रम सोयीचा पडतो. उपचाराची सुरुवात मात्र या कागदांसाठी अडवून ठेवण्याचे कारण नाही.

‘इतक्या थोड्या माणसांसाठी एवढा खटाटोप कशाला? तालुक्यात भूलतज्ज्ञाची, सोनोग्राफीची वानवा आहे,’ असे कोणी म्हणेल. वानवा असते, हे कबूलच आहे. पण वर जे मागितले आहे त्यात नवी इमारत नाही, नवे यंत्र नाही, नवे पद नाही. असलेल्या डॉक्टरला दोन दिवसांचे प्रशिक्षण, असलेल्या प्रयोगशाळेत आधीच होणाऱ्या तपासण्या, असलेल्या समुपदेशकाची खोली. मन फारच खचले असेल आणि रात्र काढणे कठीण झाले असेल, तर टेलि-मानसचा 14416 हा क्रमांक कर्जतमधूनही तसाच लागतो जसा मुंबईतून.

रुग्णालयात पहिला माणूस डॉक्टर नसतो. केस पेपरच्या खिडकीवर बसलेला कर्मचारी असतो, तो आधारवरचे नाव मोठ्याने उच्चारतो, वर पाहतो, समोरच्या साडीकडे किंवा कापलेल्या केसांकडे पाहून पुन्हा तेच नाव आणखी मोठ्याने उच्चारतो, आणि बाकावर बसलेली साठ माणसे माना वळवतात. त्यांतली चार-पाच त्याच्याच गावची असतात, एखादा भावकीतला. बरेच जण इथूनच परत फिरतात आणि कोपऱ्यावरच्या औषधाच्या दुकानात जातात. नाव पुकारण्याऐवजी क्रमांक पुकारायला काहीही खर्च येत नाही. म्हणून पुढच्या पानांतले पहिले प्रकरण शस्त्रक्रियेवर नाही, संप्रेरकांवरही नाही. ते त्या खिडकीवर आहे.